देवळालीचा ताप : छावणी, पायदळ आणि मागे राहिलेली घरं

देवळाली कॅम्प म्हटलं की नाशिककरांना तोफखाना आठवतो. रेंजवरचे तोफांचे आवाज ऐकतच आपल्यातले बरेच जण मोठे झाले. पण तोफखान्याच्या आधीपासून ही छावणी प्रामुख्याने येणाऱ्या-जाणाऱ्या गोऱ्या सैनिकांची होती, आणि त्यांत मोठा भरणा पायदळाचा. 'रेस्ट कॅम्प रोड' हे नाव आपण सहज घेतो. त्या नावातच हा इतिहास आहे.

आता देवळालीच का? 1865 साली रेल्वे थळ घाट चढून इगतपुरीपर्यंत आली. त्यामुळे मुंबई बंदर हाताशी, आणि हवा मात्र मुंबईपेक्षा कितीतरी थंड आणि कोरडी. विलायतेहून आलेली पलटण इथे उतरवायची, चार दिवस इथल्या हवेची सवय करून द्यायची, मग पुढे धाडायची. नोकरीची मुदत संपलेला शिपाईही इथेच येऊन जहाजाची वाट बघायचा.

गोची इथेच होती. सैन्याची जहाजं हिवाळ्याच्या हंगामातच सुटत, साधारण नोव्हेंबर ते मार्च. ज्याची मुदत एप्रिलमध्ये संपली, तो पुढच्या हंगामापर्यंत अडकला. कवायत संपलेली, काम नाही, डोक्यावर ऊन, सोबतीला दारू आणि हिवताप. माणसं भ्रमिष्टासारखी वागू लागत. त्यावरून गोऱ्या शिपायांच्या बोलीत 'डूलाली टॅप' हा शब्द रुळला. डूलाली म्हणजे आपली देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप! पुढे 'डूलाली' इंग्रजी शब्दकोशात गेला. आजही तिकडे डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलाली' म्हणतात.

म्हणजे शिपायाच्या वाट बघण्याला शब्द मिळाला. पण त्याच्या बायकोच्या?

एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश फौजेत लग्नाला कमांडिंग ऑफिसरची परवानगी लागे. पलटणीमागे ठरावीक बायकांचीच नावं पटावर घेत. नाव पटावर असेल तर खोली, शिधा, जहाजात जागा. परवानगीशिवाय लग्न केलं असेल तर यातलं काहीच नाही. नवरा मेला तर विधवेला काही महिनेच शिधा मिळे. म्हणून कित्येकींनी त्याच पलटणीत लगेच दुसरं लग्न केलं. त्यांना आपण नावं ठेवू नयेत. तो पोटाचा हिशेब होता.

आता आपल्या माणसांकडे येऊ. मराठा पलटणींतल्या शिपायाचं घर बहुधा गावाकडेच राही. 1922 च्या फेररचनेत मराठा पलटणींची एक रेजिमेंट झाली आणि रिक्रूट घडवण्याचं काम बेळगावला एकवटलं. कवायत, बंदूक, निशाणा, लांब पल्ल्याची दौड हे सगळं शिपायाला शिकवलं जाई. त्याच्या घरच्यांना मात्र काय शिकवलं? काही नाही. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला की आपला माणूस जिवंत आहे, इतकंच त्यांना कळे.

पहिल्या महायुद्धातलं उदाहरण घ्या. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात मराठा पलटणीही होत्या. 29 एप्रिल 1916 ला तिथल्या फौजेनं शरणागती पत्करली आणि माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. कित्येक परतलीच नाहीत. वेढ्याच्या, कैदेच्या त्या दिवसांत कोकणात, देशावर किती घरांत कुणीतरी दाराकडे बघत बसलं असेल! त्या 'तापा'ला कुठल्याच शब्दकोशात जागा मिळाली नाही.

आज फॅमिली क्वार्टर आहेत, फोन आहेत. तरी नवऱ्याची पोस्टिंग फील्डला लागली की कुटुंब मागेच राहतं. मुलांची शाळा, सासऱ्यांचं दवाखान्याचं बघणं, सगळं एकटीवर.

पलटणीचा इतिहास पलटण लिहिते. या घरांचा कोण लिहिणार? तुमच्यापैकी कुणाची आजी, आत्या, मावशी फौजीची बायको असेल तर तिच्यापाशी बसा, विचारा आणि लिहून ठेवा. मनीऑर्डरच्या पावत्या, जुनी पत्रं रद्दीत घालू नका. तेही युद्धाचे कागद आहेत.