सर फ्रान्सिस जोसेफ कॅम्पबेल : दान नव्हे, रोजगार मागणारा अंध संगीतशिक्षक

फ्रान्सिस जोसेफ कॅम्पबेल (9 ऑक्टोबर 1832 – 30 जून 1914) हे अमेरिकेत जन्मलेले अंध संगीतशिक्षक, गुलामगिरीचे विरोधक आणि लंडनच्या 'रॉयल नॉर्मल कॉलेज अँड अकॅडमी ऑफ म्युझिक फॉर द ब्लाइंड' या संस्थेचे संस्थापक होते.

बालपण व शिक्षण : त्यांचा जन्म टेनेसी राज्यातील फ्रँकलिन परगण्यात झाला. लहानपणी खेळताना डोळ्याला काटा लागला आणि त्यातून दृष्टी गेली. नॅशव्हिलच्या अंधशाळेत 'तुला संगीत जमणार नाही' असे सांगून त्यांना संगीताच्या वर्गापासून दूर ठेवण्यात आले. त्यांनी एका सोबत्याकडून गुपचूप पियानोचे धडे घेतले. पुढे त्याच शाळेत ते संगीत शिकवू लागले.

गुलामगिरीला विरोध : टेनेसी हे गुलामांच्या श्रमावर चालणारे राज्य. तिथे राहून कॅम्पबेल यांनी गुलामगिरीविरोधी मते लपवली नाहीत. त्यामुळे त्यांना धमक्या आल्या आणि दक्षिण सोडावी लागली. नंतर बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत त्यांनी दहाहून अधिक वर्षे संगीत विभाग सांभाळला.

लंडनमधील कार्य : 1871 साली लंडनमध्ये त्यांची भेट डॉ. थॉमस आर्मिटेज यांच्याशी झाली. दृष्टी गेल्यावर आर्मिटेज यांनी अंधांसाठी वाहून घेतले होते. अंधांना भीक वा दान नको, कमाईचे कौशल्य हवे, यावर दोघांचे एकमत होते. 1872 मध्ये अप्पर नॉरवूड भागात संस्था सुरू झाली. तिथे पियानो व ऑर्गनवादन, पियानोचे सूर जुळवण्याचे काम आणि शिक्षकी पेशा शिकवला जाई. पोहणे, सायकल, स्केटिंग हेही शिक्षणाचाच भाग होते. कारण शरीराची भीती गेल्याशिवाय माणूस स्वतंत्र होत नाही, असे कॅम्पबेल मानत. 1880 मध्ये त्यांनी स्वतः माँ ब्लाँ शिखर सर केले. 1909 मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. त्यांची संस्था आज हेरफर्ड येथे 'रॉयल नॅशनल कॉलेज फॉर द ब्लाइंड' या नावाने सुरू आहे.

आपल्यासाठी महत्त्व : लंडनची संस्था सुरू झाल्यावर पुढच्याच वर्षी, 1873 मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. जन्मावरून वा शरीरावरून माणसाची लायकी ठरवणे ही एकाच अन्यायाची दोन रूपे आहेत, हे कॅम्पबेल यांच्या आयुष्यातून कळते.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 नुसार 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता आहे. शासकीय नोकऱ्यांत किमान 4 टक्के आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव आहेत. हे हक्क वस्तीतल्या दिव्यांग मुलामुलींपर्यंत पोहोचवायचे, तर कार्यकर्त्यांनी आधी विचारायला हवे : आपल्या विहाराला उतार-रस्ता आहे का? आपल्या अभ्यासिकेत ब्रेल वा ध्वनिपुस्तके आहेत का? आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीत एक तरी दिव्यांग सदस्य आहे का?