बांगडा खाल्ल्यावर अंगावर पित्त उठले: ॲलर्जी की विषबाधा?

बांगडा किंवा सुरमई खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात चेहरा लाल होतो, डोके ठणकते, छातीत धडधडते, अंगावर पित्त उठते. बहुतेक जण याला माशाची ॲलर्जी समजतात आणि काही जण मासे कायमचे सोडून देतात. पण वर्षानुवर्षे मासे खाणाऱ्याला हा त्रास पहिल्यांदाच झाला आणि सोबत जेवलेल्यांनाही झाला, तर ती बहुधा हिस्टामाइनची विषबाधा असते.

बांगडा, सुरमई, कुपा, तारली यांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असते. पकडलेला मासा वेळेत बर्फात गेला नाही, तर त्यातील जिवाणू हिस्टिडिनपासून हिस्टामाइन बनवतात. ॲलर्जीत हेच रसायन आपल्या पेशी सोडतात. इथे ते ताटातून पोटात जाते. म्हणून लक्षणे सारखीच दिसतात. थोडे हिस्टामाइन आतड्यातील विकरे (एन्झाइम) निकामी करतात. मात्र खराब होऊ लागलेल्या माशात पुट्रेसिन आणि कॅडाव्हरिन ही संयुगेही तयार होतात व ती या विकरांना अडवतात. क्षयरोगावरील आयसोनियाझिड हे औषधही तेच करते. ते घेणाऱ्यांनी असे मासे टाळलेले बरे, पण माशासाठी औषध मात्र थांबवू नये.

नीट शिजवला की मासा चालतो, हा समज इथे उपयोगाचा नाही. शिजवल्याने जिवाणू मरतात. तयार झालेले हिस्टामाइन तळून, गोठवून किंवा आमसूल घालून जात नाही. वास आणि रंगही चांगला असू शकतो. कधी जिभेला मिरीसारखी चुणचुण लागते, पण आपल्या तिखट कालवणात ती कळणार कशी? त्यामुळे बर्फावर ठेवलेलाच मासा घ्यावा, बाजारातील शेवटची खरेदी तीच ठेवावी आणि घरी येताच तो फ्रिजमध्ये ठेवावा.

त्रास बहुधा एका दिवसात ओसरतो. डॉक्टर अँटिहिस्टामाइन देतात. श्वास लागणे, ओठ-जीभ सुजणे, चक्कर येणे यांपैकी काहीही झाले, किंवा रुग्णाला दमा वा हृदयविकार असेल, तर लगेच रुग्णालय गाठा. खरी ॲलर्जीही अशीच सुरू होते आणि घरी फरक ओळखता येत नाही. म्हणून निदान होईपर्यंत तो मासा खाऊ नका.

कोणता मासा, कधी खाल्ला, आणखी कोणाला त्रास झाला, हे डॉक्टरांना सांगा. उरलेला तुकडा टाकू नका. झाकून फ्रीझरमध्ये ठेवा. त्यातील हिस्टामाइन प्रयोगशाळेत मोजता येते.