पाषाणांतील नदीची दिशा

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं ताम्रपट, शिलालेख व बखरी आमच्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यप्रदेशांत, जो १९८२ पर्यंत एकच जिल्हा होता, त्यांहून कितीतरी जुना एक लेख वालुकापाषाणांत उमटलेला आहे.

वर्धेच्या खोऱ्यांत कोळशाच्या थरांवर जो वालुकापाषाण पसरला आहे, त्यास नागपुराजवळील कामठी गांवावरून नांव मिळालें; त्याचें वय सुमारें २५ कोटि वर्षें. त्याचा कापलेला कडा पाहिला तर थरांच्या सीमा जवळजवळ सपाट, पण दोन सीमांमधील बारीक रेघा मात्र तिरप्या दिसतात. जमीन कलली असती तर सीमाहि कलल्या असत्या. तेव्हां हा कल मागाहून आलेला नव्हे, जन्माचाच आहे.

वाहतें पाणी वाळूचे कण उंचवट्यावर चढवितें व ते पलीकडील उतारावर घसरतात. असा घसरता उतार बहुधा ३०-३४ अंशांपलीकडे जात नाहीं, आणि तो प्रवाह जिकडे जातो तिकडेच उतरतो. पुढील पूर त्याचा माथा कापतो. पायथा मात्र वळत जाऊन तळास मिळतो. म्हणून या रेघा दोन गोष्टी सांगतात: पाणी कोणीकडे गेलें, आणि दगडाची वरची बाजू कोणती.

टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांनीं १८७७ सालीं वर्धा खोऱ्यांतील कोळसाक्षेत्राचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें भारतांतील गोंडवन काळाच्या जुन्या वालुकापाषाणांत अशा रेघा मोजल्या गेल्या, तेव्हां बहुतेक प्रवाह उत्तरेस वा वायव्येस वाहत होते असें आढळलें. आज वर्धा, वैनगंगा व प्राणहिता दक्षिणेकडे जातात! नद्या शाश्वत मानणाऱ्या आमच्या मनास हा धडाच आहे.

मात्र ही साक्ष दगड आपल्या जागीं असेपर्यंतच पुरी असते. असा दगड चंद्रपूरच्या गोंडकालीन तटांत बसला कीं त्याची वरची बाजू ओळखतां येईल. दिशा मात्र गेली. उघड्या खाणींत तर कोळशासाठीं वरचा सारा पाषाणच उपसून टाकला जातो. कोळसा नको असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कडा फोडण्यापूर्वीं होकायंत्र घेऊन त्या रेघा वहींत उतरून घेण्यास कितीसा वेळ लागणार? ताम्रपट वितळविण्याआधीं त्याचा ठसा घेणें हें जसें कर्तव्य, तसेंच हेंहि.