कर्वे, रघुनाथ धोंडो
(१४ जानेवारी १८८२–१४ ऑक्टोबर १९५३). संततिनियमनाचे व लैंगिक शिक्षणाचे महाराष्ट्रातील आद्य प्रचारक आणि ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक. जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड येथे. स्त्रीशिक्षणाचे प्रवर्तक धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील. आई राधाबाई १८९१ मध्ये बाळंतपणात निवर्तल्या. या आघाताशी त्यांच्या पुढील कार्याचा धागा जोडण्याचा मोह होतो खरा. परंतु ज्याचा पिंडच गणिती होता, त्या माणसाने आपली मते दुःखापेक्षा तर्कातून सिद्ध केली असे मानणे अधिक न्याय्य ठरेल.

फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर त्यांनी गणिताचे अध्यापन पत्करले आणि त्याच विषयाच्या अभ्यासासाठी काही काळ पॅरिसमध्ये वास्तव्य केले. १९२१ मध्ये मुंबईत त्यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र सुरू झाले तेही याच वर्षी. ते शिकवीत असलेल्या विल्सन महाविद्यालयाच्या चालकांना हा प्रचार मानवला नाही, तेव्हा १९२५ मध्ये प्रचार सोडण्यापेक्षा नोकरीचा राजीनामा देणे त्यांनी पसंत केले. पत्नी मालतीबाई यांची साथ त्यांना लाभली. मूल होऊ न देण्याचा निश्चय उभयतांचा होता, आणि त्यासाठी शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करवून घेतली. पुढे सरकारी कुटुंबनियोजनाच्या काळात हा भार बहुतेक ठिकाणी बायकोच्याच अंगावर पडला, हे ध्यानी घेता त्यांच्या त्या कृतीचे मोल त्यांच्या कोणत्याही ग्रंथाहून उणे नाही.

१५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’चा पहिला अंक निघाला. विवाहित, अविवाहित, स्त्री, पुरुष असा भेद न करता, ज्याला जे विचारावयाचे ते विचारण्याची मुभा या मासिकाने दिली. आणि हस्तमैथुन, गुप्तरोग, समलिंगी आकर्षण यांविषयीच्या ज्या शंका कुटुंबात उच्चारणेही अशक्य होते, त्यांना पापपुण्याची भाषा टाळून, शरीरशास्त्राच्या आधारे आणि क्वचित खवचटपणेही, उत्तरे मिळू लागली. कामसुखावर स्त्रीचाही पुरुषाइतकाच हक्क आहे, हे त्यांचे प्रतिपादन सनातन्यांनाच नव्हे, तर अनेक सुधारकांनाही पचण्यासारखे नव्हते. मुखपृष्ठावरील नग्न स्त्रीचित्रांनी तर विरोधकांच्या हाती आयतेच कोलीत दिले.

अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले. १९३१ च्या खटल्यात ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल त्यांना दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा फिर्याद झाली, तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. कामविषयक लेखन केवळ त्या विषयामुळे अश्लील ठरत नाही, असा युक्तिवाद त्यांनी केला. तथापि दंड टळला नाही. मासिकाला जाहिरातींचे आणि वर्गणीदारांचे बळ कधीच नव्हते, तरी ते बंद पडले नाही.

‘संततिनियमन’, ‘गुप्तरोगांपासून बचाव’ व ‘आधुनिक कामशास्त्र’ हे त्यांचे प्रमुख ग्रंथ होत. त्यांची भाषा अलंकारहीन आणि प्रसंगी रूक्ष आहे. प्रतिपक्षाचा उपहास करण्याची हौस मात्र तिला भरपूर. य. दि. फडके यांनी त्यांचे चरित्र लिहिले आहे, आणि अमोल पालेकर यांचा ‘ध्यासपर्व’ (२००१) हा चित्रपट त्यांच्याच जीवनावर आधारलेला आहे. सव्वीस वर्षे चाललेल्या ‘समाजस्वास्थ्य’चा अखेरचा अंक त्यांच्या निधनानंतरच्या महिन्यात, नोव्हेंबर १९५३ मध्ये, प्रसिद्ध झाला.