हातोडा, बाटली आणि पोटातली बातमी

२००८ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं तेव्हा डग्लस प्रॅशर अमेरिकेत, अलाबामातल्या हंट्सव्हिलमध्ये, एका मोटार विक्रेत्याच्या गिऱ्हाइकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते. नोबेल ज्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनासाठी मिळालं, त्याचं जनुक १९९२ मध्ये त्यांनीच वेगळं काढलं होतं! पुढे निधीच मिळाला नाही. त्यांनी ते मार्टिन चॅल्फी आणि रॉजर चेन यांना देऊन टाकलं आणि हे काम सोडलं. बक्षीस त्या दोघांना, आणि जेलीफिशमध्ये ते प्रथिन शोधणाऱ्या ओसामू शिमोमुरांना. (त्या दोघांनी प्रॅशरना स्वखर्चाने स्टॉकहोमला नेलं, हेही सांगायला हवं.)

या जनुकाचं काम वार्ताहराचं. शरीरातलं एखादं जनुक कधी चालू होतं ते बाहेरून कळत नाही. त्याच्या बटणाला हे जोडायचं, की ते चालू होताच हिरवा दिवा लागतो. १९९४ मध्ये चॅल्फींनी हे एका पारदर्शक कृमीत करून दाखवलं.

पारदर्शक! गोम इथेच आहे. मोबाईलचा टॉर्च तळहाताखाली धरून बघा. नुसता लाल, धुरकट उजेड दिसेल, हाड कुठेच नाही. हिरवा प्रकाश रक्त शोषून घेतं, उरलेला मांसात विखुरतो. काही मिलिमीटर खाली गेलं की वार्ताहर मुका. लाल प्रथिनं आली, थोडा फरक पडला, पण फार खोलवरचं नीट दिसेना.

आवाज मात्र खोल जातो, सोनोग्राफी आपण सगळेच जाणतो. पण पेशीने प्रतिध्वनी द्यायचा तर तिच्यात हवा हवी. ती आणायची कुठून?

तळ्यावरच्या हिरव्या सायीतून. हे शेवाळ तरंगतं कसं, या प्रश्नामागे क्लेबान नावाचे जर्मन शास्त्रज्ञ लागले होते. १८९५ ची गोष्ट. शेवाळाचं पाणी बाटलीत काठोकाठ भरलं, बूच लावलं, बुचावर हातोडा हाणला. दाबाने आतले वायूचे फुगे फुटले, गढूळपणा गेला आणि शेवाळ तळाला बसलं. उपयोग? शून्य. कुणी विचारलाही नसावा.

कॅलटेकच्या मिखाईल शापिरो यांच्या गटाने २०१४ मध्ये हेच प्रथिनांच्या भिंतीचे सूक्ष्म फुगे सोनोग्राफीत दाखवले. २०१८ मध्ये त्यांची जनुकं जिवाणूंत घातली, २०१९ मध्ये सस्तन प्राण्यांच्या पेशींत. पण पेशींतले फुगे दिसायचे ते फुटतानाच, म्हणजे बातमी एकदाच, आणि वार्ताहर खलास. म्हणून त्यांनी निरनिराळ्या सूक्ष्मजीवांची फुगे-जनुकं चाळली. २०२३ मध्ये ॲनाबिनाची जनुकं सरस ठरली (अझोला वाढवणाऱ्या शेतकऱ्यांनी हे नाव ऐकलं असेल, त्याच भावकीतलं). आता उंदराच्या गाठीतल्या पेशी फुगे न फोडता बघता येतात.

आणि जिथे खूण अगदीच क्षीण असते, तिथे ध्वनीचा जोरदार ठोका देऊन फुगे फोडतात आणि आधीचं-नंतरचं चित्र ताडून बघतात. क्लेबानचाच हातोडा, फक्त बाटली नाही.