पानिपत : कादंबरीमागचा भूगोल

विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ (१९८८) ही कादंबरी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. ऐतिहासिक कादंबरीतले संवाद लेखकाचे असतात. पण नदी, अंतर आणि तारखा त्याला बदलता येत नाहीत. हीच तिची पार्श्वभूमी.

ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कर्नालजवळचा कुंजपुरा जिंकला. तेथे धान्यसाठाही मिळाला. यमुनेला पाणी असल्याने अब्दाली पलीकडे अडकला होता. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याने बागपतजवळ नदी ओलांडली. बागपत पानिपतच्या दक्षिणेला, दिल्लीच्या बाजूस. साहजिकच भाऊसाहेबांचा दिल्लीचा रस्ता तुटला. पुढचे अडीच महिने छावणीतले धान्य संपत गेले आणि १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी फौज लढाईला उतरली. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडितांनी ही लढाई प्रत्यक्ष पाहून लिहून ठेवली आहे.

आम्हा रेल्वेवाल्यांना हे चटकन कळते. मागची लाइन बंद झाली की पुढे इंजिन कितीही दमदार असो, उपयोग नसतो. ‘पानिपत झाले’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा ही तुटलेली रसद आठवावी.

चंडीगडहून दिल्लीला जाताना पानिपत वाटेतच लागते. एकदा उतरून मुलांना काला अंबचे स्मारक दाखवा. सोबत कादंबरी असू द्या, नकाशाही असू द्या.