विस्कॉन्सिनमधील सरकारी शाळा आणि मतपेटी

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात २०१० मध्ये रिपब्लिकन पक्षाचे स्कॉट वॉकर गव्हर्नरपदी निवडून आले. २०११ च्या ‘ॲक्ट १०’ कायद्याने शिक्षकांचा सामूहिक वाटाघाटीचा हक्क मूळ वेतनापुरताच उरला. संघटनेची वर्गणी पगारातून कापणे बंद झाले, सदस्य गळाले आणि सरकारी शाळांचा कैवार घेणारी ताकदच क्षीण झाली. २०१२ मध्ये वॉकर यांना परत बोलावण्याचे मतदानही फसले.

२०१८ मध्ये माजी शिक्षक टोनी एव्हर्स यांनी वॉकर यांचा पराभव केला. २०२३ च्या अर्थसंकल्पातील ‘२०२४-२५’ मधून ‘२०’ आणि जोडरेघ खोडून त्यांनी चक्क ‘२४२५’ केले! शाळांच्या महसूलमर्यादेत प्रतिविद्यार्थी ३२५ डॉलरची वार्षिक वाढ त्यामुळे चारशे वर्षे लांबली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती वैध ठरविली. अनुदान द्यायचे की बोजा स्थानिक मालमत्ताकरावर टाकायचा, हे ठरविणे मात्र विधिमंडळाच्याच हाती राहिले.